नागरी केंद्राचे आराखडे पारखताना: वॉकथ्रू बंद, नकाशे टेबलावर

नव्या नागरी केंद्रासाठी स्पर्धा जाहीर होते, छाननी होते, तीन-चार आराखडे उरतात आणि निवड समितीसमोर सादरीकरण ठरतं. पडद्यावर वॉकथ्रू, म्हणजे न बांधलेल्या इमारतीतून फिरवून आणणारी संगणकीय फिल्म, सुरू होतो. संध्याकाळचा सोनेरी उजेड, ओली चकचकीत फरशी, मोजकी देखणी माणसं. पाच मिनिटांत बहुतेकांच्या मनात निवड होऊन गेलेली असते. ती इमारत मात्र पुढची पन्नास वर्षं मे महिन्याच्या दुपारी, आषाढातल्या झडीत आणि घरपट्टीच्या रांगेत वापरायची असते. म्हणून आमचा आग्रह एकच आहे: सगळे आराखडे आधी एका मापात आणा, मग त्यांतून माणसं चालवून बघा, आणि चित्रं सर्वांत शेवटी पाहा.

हा लेख समिती सदस्य, नगरसेवक, महापालिकेचे अभियंते आणि सूचना-हरकती मांडणारे नाशिककर यांच्यासाठी आहे. सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गोदावरीपासून फार लांब नसलेला ८,००० चौ.मी.चा भूखंड आहे. त्यावर ६०० आसनांचं सभागृह, १२ खिडक्यांचं नागरी सुविधा केंद्र, १२० जणांची अभ्यासिका, वाचनालय आणि विभागीय कार्यालय हवं आहे. स्पर्धेतून अ, ब आणि क असे तीन आराखडे उरले आहेत. या उदाहरणातले क्षेत्रफळाचे आणि पैशांचे आकडे हिशोब समजावा एवढ्यापुरतेच आहेत.

पाकिटं उघडण्याआधी

पहिला कागद आराखड्याचा नसतो, गरजांचा असतो. एकेक खोली, तिथे एका वेळी किती माणसं, कोणत्या वेळी, आणि तिला कोणती खोली लागून हवी, एवढे चार रकाने पुरतात. आकडे अंदाजाने भरू नका. महापालिकेच्या सहा विभागांपैकी ज्या विभागात केंद्र होणार, तिथल्या सध्याच्या कार्यालयात दोन वेगवेगळे आठवडे मोजणी करा: एक साधा आठवडा, आणि एक घरपट्टीच्या सवलतीचा शेवटचा आठवडा. साध्या दिवशी तीस माणसं असलेल्या ठिकाणी सवलतीच्या शेवटच्या दिवशी दोनशे उभी असतील, तर रांग उन्हात जाणार की आत मावणार, हा प्रश्न तिन्ही आराखड्यांना विचारता येतो. मोजणी नसेल तर विचारताही येत नाही.

गुणांची विभागणीही याच टप्प्यावर ठरवून, सह्या करून, बंद करा. एक चालणारी विभागणी अशी: वापराची सोय ३०, रचना-सेवा-देखभाल २०, खर्चाची विश्वासार्हता २०, हवामान आणि ऊर्जा १५, शहराशी नातं आणि रूप १५. आराखडे पाहिल्यावर गुण ठरवायला घेतले, की जो आराखडा आवडला त्याच्या मापाचे निकष शिवले जातात. हे कोणी मुद्दाम करतं असं नाही; माणसाचं मन तसंच चालतं, म्हणून आधी ठरवायचं.

वास्तुविशारद परिषदेच्या स्पर्धाविषयक मार्गदर्शक सूचनांतल्या दोन गोष्टी सोडू नका. परीक्षकांत वास्तुविशारद बहुसंख्य असावेत, आणि प्रवेशिकांवर नाव नसावं, फक्त क्रमांक असावा. नाव दिसलं की नकाशा पाहायच्या आधी माणूस पाहिला जातो.

गुणांत न मोजता थेट बाद करणाऱ्या अटी वेगळ्या लिहा: पूररेषेचा भंग, अग्निशमन वाहनाला वाट नसणं, व्हीलचेअरने गाठता न येणारा कोणताही सार्वजनिक मजला, मागितलेली खोलीच नसणं. असा आराखडा रूपाचे १५ पैकी १५ गुण घेऊन तरून जाता कामा नये.

सगळे आराखडे एका मापात

अ ने नकाशे १:१०० मध्ये (कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जागेवरचा एक मीटर) दिलेत, ब ने १:२५० मध्ये, आणि क ने पानात मावतील तसे छापलेत. असे शेजारी लावले तर मोठ्या कागदावरची इमारत प्रशस्तच वाटते. तिन्ही आराखड्यांचे मजल्यांचे नकाशे आणि किमान दोन छेद (इमारत लांबीत आणि रुंदीत उभी कापली तर आत दिसेल ते चित्र) १:२०० मध्ये, काळ्या-पांढऱ्या रेषांत, रंग आणि सावल्या काढून छापून घ्या. उत्तर दिशा तिन्हींत वरच्या बाजूला. हे काम समितीचा एखादा ड्राफ्ट्समन दोन दिवसांत करतो आणि या दोन दिवसांइतकं मोल दुसऱ्या कशालाच नाही.

मग चार रंगांच्या पेन्सिली घ्या. लोकांसाठीच्या खोल्या पिवळ्या, कर्मचाऱ्यांच्या निळ्या, ये-जा करायची जागा (पॅसेज, जिने, लॉबी) तांबडी, आणि टॉयलेट, डक्ट (नळ-तारा नेणारी उभी पोकळी), पंपरूम, विजेची खोली राखाडी. रंगवताना जे कळतं ते सादरीकरणात कधी कळत नाही. एखाद्या आराखड्यात राखाडी रंग जवळजवळ येतच नाही. याचा अर्थ तिथे सेवांचा विचारच झालेला नाही. ट्रान्सफॉर्मर, जनरेटर आणि पाण्याची टाकी पुढे बागेत किंवा पार्किंगमध्ये येऊन बसणार.

आता बेरीज. समजा गरजांच्या तक्त्यातल्या खोल्यांचं निव्वळ क्षेत्र ३,००० चौ.मी. आहे. अ चं एकूण बांधकाम ४,३०० चौ.मी., ब चं ४,९०० आणि क चं ४,०००. म्हणजे वापराचं प्रमाण अनुक्रमे ७०, ६१ आणि ७५ टक्के. ब मध्ये अ पेक्षा ६०० चौ.मी. जादा बांधकाम आहे आणि ते बहुतेक तीन मजली लॉबीभोवतीच्या गॅलऱ्यांत आहे. चौरस मीटरला ३५,००० रुपये धरले तर त्या गॅलऱ्या २ कोटी १० लाखांच्या झाल्या. पण क चे ७५ टक्के पाहून लगेच खूश होऊ नका. सार्वजनिक इमारतीत प्रमाण इतकं चढलं की पॅसेज अरुंद निघतात, बाकं ठेवायला जागा उरत नाही आणि रांगा जिन्यावर जातात. आमच्या मते ६५ ते ७० टक्के ही चांगली पट्टी आहे.

बेरीज करताना फसायच्या जागा ठरलेल्या आहेत. कोणी उघडी गच्ची ‘सामुदायिक जागा’ म्हणून निव्वळ क्षेत्रात धरतं, कोणी भिंतींची जाडी वगळतं, कोणी सभागृहाच्या मंचामागची जागा मोजतच नाही. म्हणून वास्तुविशारदाने दिलेला क्षेत्रफळाचा तक्ता वापरू नका. एकाच माणसाने, एकाच पद्धतीने तिन्ही नकाशे मोजावेत.

जमीन काय सांगते

नाशिकमध्ये पूर किती आला हे गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून सांगतात. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला ही शहराची स्वतःची मोजपट्टी आहे. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्या माणसाला नदीजवळच्या भूखंडावरचा तळमजला वेगळ्या नजरेने पाहावा लागतो. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही. दोन्हींच्या मध्ये अटी आहेत आणि जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर न्यावं लागतं. जलसंपदा विभागाने दिलेल्या या दोन्ही रेषा आणि त्यांची समुद्रसपाटीपासूनची उंची तिन्ही आराखड्यांच्या छेदावर स्वतः आखून घ्या. नुसत्या नकाशावर रेषा दिसली म्हणून थांबू नका, कारण पाणी उंचीने चढतं. नासर्डी, वाघाडी, वालदेवी आणि लहान नाल्यांच्या काठी हीच काळजी.

छेदावर रेषा आखली की तळघर उघडं पडतं. आपल्या उदाहरणात ब ने पार्किंग तळघरात नेलंय: ६० × ४० मी., खोली साडेतीन मीटर, म्हणजे ८,४०० घनमीटर खोदाई. नाशिकमध्ये बऱ्याच ठिकाणी थोड्या मातीनंतर मुरूम आणि लगेच काळा पाषाण लागतो. पाषाण फोडला की फुगतो. दीडपट धरला तर १२,६०० घनमीटर, आणि दहा घनमीटरच्या डंपरने १,२६० फेऱ्या. शेजारी वस्ती असेल तर सुरुंगाला परवानगी अवघड, मग ब्रेकरने महिनोन् महिने फोडायचं. तळघरातलं पाणी पंपाने काढायचं, म्हणजे वीज गेली तर जनरेटर, आणि तो जनरेटर तळघरातच ठेवला असेल तर पुरात तोच आधी बुडणार. विजेचं मुख्य पॅनेल आणि जनरेटर कोणत्या पातळीवर आहेत, हा एक प्रश्न तिन्ही आराखड्यांना विचारा. उत्तर नकाशावर बोट ठेवून मिळायला हवं.

माती परीक्षण निवडीआधी करून घ्या, आणि एकच अहवाल तिन्ही स्पर्धकांना द्या. अशा भूखंडावर जमिनीचे थर तपासायला पाच-सहा बोअर पुरतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर हलकी कंपाउंड भिंत आणि पायवाटाही फाटतात. एका कोपऱ्यात खडक दोन मीटरवर आणि दुसऱ्या कोपऱ्यात सहा मीटरवर असेल, तर लांबलचक एकसंध इमारतीपेक्षा दोन-तीन तुकड्यांत, सांधा ठेवून बांधलेली इमारत सुरक्षित. भूकंपाच्या भारतीय मानक १८९३ च्या २०१६ मधल्या आवृत्तीत नाशिक तिसऱ्या क्षेत्रात आहे. त्यामुळे पार्किंगसाठी तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा ठेवलेला आराखडा रचना अभियंत्याकडून वेगळा तपासून घ्या.

झाडंही जमिनीचाच भाग. भूखंडावरच्या प्रत्येक झाडाचा घेर, जात आणि जागा असलेला नकाशा तिन्ही आराखड्यांवर ठेवा. महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष ठरली आहेत आणि असं झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. थ्रीडी चित्रात डेरेदार वड दिसतो. तो आज तिथे उभा आहे की चित्रात चिकटवलाय, हे झाडांच्या नकाशावरूनच कळेल. खोडाला लागून जोतं घेतलेलं झाड ‘वाचवलेलं’ म्हणू नये, तीन-चार पावसाळ्यांत ते वाळतं. फांद्यांच्या विस्ताराखाली खोदाई नाही, हीच कसोटी.

नकाशावर माणसं चालवा

हा भाग घाईत उरकू नका, अर्धा दिवस द्या. टाचणीला दोरा बांधा आणि प्रत्येक आराखड्यावर खाली दिलेली माणसं दारापासून कामापर्यंत आणि परत चालवा. दोरा मोजला की अंतर मिळतं.

पहिल्या आजी. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी रिक्षातून उतरतात, गुडघे दुखतात, सोबत नातू आहे. रिक्षा दारापर्यंत येते का? उतरल्यावर डोक्यावर छप्पर आहे का? खिडकी नजरेला पडते की विचारत फिरावं लागतं? बसायला बाक, जवळ पाणी आणि टॉयलेट आहे का? अ मध्ये हे अंतर ३५ मी. निघालं आणि ब मध्ये ९० मी., तर ब ची लॉबी कितीही भव्य असो, आजींसाठी ती अडचण आहे.

दुसरा व्हीलचेअरवरचा तरुण. इथे प्रत्येक आराखड्याचा उतार मोजाच. जोतं ९०० मिमी उंच असेल तर १:१२ च्या उताराला १०.८ मी. लांबी लागते. मध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा, शिवाय खाली आणि वर तेवढीच सपाट जागा; सगळी मिळून १५.३ मी. स्पर्धेच्या नकाशात पायऱ्यांच्या कडेला पाच-सहा मीटरची तिरकी पट्टी काढून ‘रॅम्प’ लिहिलेलं वारंवार दिसतं. तो उतार १:६ होतो, आणि त्यावर खुर्ची मागे घसरते. पुढे काम सुरू झाल्यावर चूक लक्षात येते, मग रॅम्प इमारतीच्या मागे कचरापेटीशेजारी जातो. दरवाजाची मोकळी रुंदी ९०० मिमी आणि खुर्ची वळवायला दीड मीटरचं वर्तुळ, हे टॉयलेटच्या नकाशावर कंपासने काढून बघा.

तिसरी माणसं एकाच वेळी: संध्याकाळी सभागृहात कार्यक्रमाला आलेले सहाशे जण, आणि अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं-मुली. अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी राहायची असेल तर तिला वेगळं दार, वेगळं टॉयलेट आणि रस्त्यापासून उजेडातली वाट हवी. बाकी इमारतीला कुलूप लावूनही ती चालली पाहिजे. तिची भिंत सभागृहाला लागून असेल तर ढोल-ताशाच्या सरावात अभ्यास होणार नाही. मध्ये निदान एक पॅसेज किंवा गोदाम असू द्या.

चौथी झाडूवाल्या मावशी. बादली कुठे भरतात, कुठे ओततात, सामान कुठे ठेवतात? मजल्यावर मोरी नसेल तर घाण पाणी वॉश बेसिनमध्ये जातं आणि दोन वर्षांत बेसिन तुंबतं. तीन मजली लॉबीची वरची काच पुसायला मचाण लागतं. दर वेळी मचाण बांधायचं म्हणजे ती काच पुसलीच जाणार नाही.

शेवटी अग्निशमनाचा बंब. दर्शनी कमान अनेक आराखड्यांत असते आणि शोभतेही, पण तिच्याखालून बंब जायचा असेल तर निदान साडेचार मीटर रुंदी आणि पाच मीटर मोकळी उंची हवी. इमारतीभोवतीची सहा मीटरची वाट फुलांच्या ताटव्यांनी आणि कारंज्याने अडवली आहे का, तेही तपासा.

पश्चिमेची भिंत

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. यातून काही साधे आकडे निघतात आणि ते कोणत्याही ‘हरित इमारत’ घोषणेपेक्षा उपयोगी आहेत. डिसेंबरात भर दुपारी दक्षिणेचा सूर्य साधारण ४६ अंशांवर असतो, मार्च-सप्टेंबरात ७० अंशांवर, आणि जूनमध्ये तो डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकतो. म्हणजे दक्षिणेच्या २.१ मी. उंच खिडकीला पाऊण मीटरचा छज्जा पुरतो: मार्चपासून भर दुपारचं ऊन अडतं आणि थंडीत हवंहवंसं ऊन आत येतं.

पश्चिमेला हे गणित कोसळतं. एप्रिलअखेर दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य जेमतेम ३३ अंशांवर असतो. त्याच खिडकीला छज्जाने सावली द्यायची तर छज्जा तीन मीटरहून मोठा लागेल. म्हणून पश्चिमेला आडवा छज्जा काढून ‘सूर्यसंरक्षण’ लिहिणारा आराखडा नाशिकसाठी विचार करून काढलेला नाही. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी, झाडं, किंवा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जिने, टॉयलेट, गोदाम, डक्ट अशा खोल्यांची पश्चिम बाजू. पावसाळी वाराही पश्चिम-नैऋत्येकडूनच येतो, त्यामुळे उन्हासाठी लावलेल्या जाळीतून पाऊस आत येणार. जाळीमागे मोकळा सज्जा, त्याला बाहेरच्या बाजूला ढाळ आणि पाणी जायला नळी छेदात दिसली तर त्या वास्तुविशारदाने काम मनापासून केलंय असं समजा.

जुन्या नाशकातल्या वाड्यांचे चौक आठवा. बंदिस्त लॉबीऐवजी चौक देणारा आराखडा आम्हाला इथल्या हवेला जास्त मानवणारा वाटतो: कोरडा उन्हाळा, थंड रात्री, वारा खेळता. फक्त चौकाभोवतीचा पॅसेज अडीच-तीन मीटर खोल हवा, नाहीतर जुलैत दाखल्याच्या रांगेतली माणसं भिजतील.

सभागृह

सभागृह कितव्या मजल्यावर आहे, हे पहिलं बघा. राष्ट्रीय इमारत संहितेच्या हिशोबाने जिन्याला माणशी १० मिमी आणि सपाट वाटेला व दारांना माणशी ६.५ मिमी रुंदी लागते. सहाशे माणसांचं सभागृह पहिल्या मजल्यावर असेल तर एकूण सहा मीटर जिने, म्हणजे दोन-दोन मीटरचे तीन, आणि तेही एकमेकांपासून लांब. तळमजल्यावर असेल तर एकूण ३.९ मी. रुंदीची दारं पुरतात, बाहेर उघडणारी. क ने सभागृह वर नेऊन एक भव्य जिना आणि एक चिंचोळा दिला असेल तर तो जागीच अडतो.

मध्यंतरातल्या टॉयलेटचा हिशोब बहुतेक समित्या करत नाहीत. तीनशे बायकांपैकी सव्वाशे जणी पंधरा मिनिटांत जाणार. एकीला तीन मिनिटं धरली तर शौचालयाच्या एका भांड्यावर पाचजणी होतात. सहा भांडी म्हणजे तीसजणी. बाकीच्या रांगेतच राहतात आणि दुसऱ्या अंकाचा पडदा वर जातो. पुरुषांच्या बाजूला तेवढ्याच क्षेत्रात मुताऱ्या धरून दुप्पट माणसं जातात, म्हणून दोन्हींना सारखं क्षेत्र देणं म्हणजे समान सोय होत नाही. बायकांची भांडी निदान दुप्पट हवीत.

आवाज विरायला किती सेकंद लागतात, म्हणजे घुमण्याचा काळ, यासाठी साधं सूत्र आहे: घुमण्याचा काळ = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ माणसं, खुर्च्या, भिंती मिळून आवाजाचं एकूण शोषण. आसनामागे पाच घनमीटर धरून ३,००० घनमीटरचं सभागृह असेल आणि भाषण-नाटकासाठी १.१ सेकंद हवा असेल, तर शोषण सुमारे ४४० चौ.मी. लागतं. भरलेल्या सभागृहात सहाशे माणसं त्यातलं २७० देतात, उरलेलं १७० भिंती आणि छताने द्यायचं. आता तेच सभागृह प्लास्टिकच्या खुर्च्यांवर रिकामं असेल तर काळ २.८ सेकंदांवर जातो, अर्धं भरलं तर १.६. नागरी केंद्राचं सभागृह बहुतेक वेळा अर्धंच भरतं. म्हणून गादीच्या स्थिर खुर्च्या देणारा आराखडा थोडा महाग असला तरी शब्द कळण्याच्या बाबतीत पुढे आहे. स्थिर खुर्च्यांनी समारंभ, मेळावे, शिबिरं यांना अडचण होते हेही खरं. गरजांच्या तक्त्यात काय लिहिलंय त्यावर हे ठरवा. कालिदास कलामंदिरासारखं नाट्यगृह शहरात असताना इथे दुसरं नाट्यगृह हवंय की सपाट जमिनीचं सामुदायिक सभागृह, याचं उत्तर स्पर्धेआधी द्यायला हवं होतं. नसेल दिलं तर आता तरी द्या.

गच्ची, डक्ट, खांब

पावसाच्या पाण्याची नळी हा सर्वांत साधा आणि सर्वांत विसरला जाणारा भाग. तासाला १०० मिमी पाऊस धरला तर १०० मिमी व्यासाचा एक पाइप जेमतेम ४० चौ.मी. गच्चीचं पाणी नेतो. १,२०० चौ.मी. गच्चीला तीस पाइप. १५० मिमीचे घेतले तर दहा. हे पाइप दर्शनी काचेच्या भिंतीवरून उतरणार की डक्टमधून? आराखड्यात ते दिसत नसतील तर बांधकाम संपता संपता भिंतीवर पांढऱ्या पीव्हीसी नळ्या चढतात. सपाट गच्चीवर बाग दाखवली असेल तर खालच्या मजल्यावर सभागृह किंवा दप्तरखाना नसावा. तेच पाणी साठवायचं तर: १,२०० चौ.मी. × सुमारे ०.७ मी. पाऊस × ०.८, म्हणजे वर्षाला पावणेसात लाख लिटरच्या आसपास. टाकी कुठे, ते विचारा.

वाचनालय कितव्या मजल्यावर आहे? पुस्तकांच्या मांडण्यांच्या खोलीला २.२ मी. उंचीपर्यंत चौरस मीटरला ६ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे सहाशे किलो भार धरतात. कार्यालयाच्या दुपटीहून जास्त. ‘अभ्यासिकेचं पुढे वाचनालय करू’ असा विचार असेल तर स्लॅब आजच त्या भाराचा हवा. सभागृहाच्या वर खांब येत नाहीत ना, हेही पारदर्शक कागदावर मजले एकावर एक ठेवून पाहा. खांब हवेत संपला की त्याचा भार पेलायला पंधरा-वीस मीटर लांबीचा जाडजूड बीम येतो आणि छेदात दाखवलेली उंची दीड मीटरने कमी होते.

पैसे

स्पर्धकाचं स्वतःचं अंदाजपत्रक तुलनेसाठी निरुपयोगी आहे. तिन्ही आराखड्यांची परिमाणं एकाच माणसाकडून काढून, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीने एकच अंदाज तयार करा. मग दरसूचीत नसलेल्या बाबी वेगळ्या काढा: वळणदार काच, खास धातूची जाळी, ताणलेलं कापडी छत. त्यांना दर पृथक्करण (माल-मजुरीची फोड करून काढलेला दर) आणि दरपत्रकं लागतात, आणि वाढीव खर्चाचे प्रस्ताव पुढे इथूनच निघतात. एकूण अंदाजात अशा बाबी १० टक्क्यांच्या आत असतील तर अंदाज बराचसा टिकतो. २५ टक्क्यांवर गेल्या तर त्या आराखड्याच्या ‘खर्चाची विश्वासार्हता’ गुणांत स्पष्ट कपात करा.

दुसरा हिशोब चालवण्याचा. ब च्या काचेच्या लॉबीला ६० टन जादा वातानुकूलन लागलं असं समजा. टनाला १.२ किलोवॉट, दिवसाचे आठ तास, वर्षाचे २५० दिवस: १ लाख ४४ हजार युनिट. बारा रुपये युनिटने वर्षाला १७ लाखांहून जास्त, आणि पंचवीस वर्षांत आजच्या दरानेच सव्वाचार कोटी. सौर पॅनेल लावू, हे उत्तर ऐकू येईल. एक किलोवॉटला साधारण दहा चौ.मी. गच्ची लागते आणि वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास मिळतात. म्हणजे फक्त त्या लॉबीसाठी हजार चौ.मी. गच्ची हवी. तेवढी गच्ची ब कडे उरली आहे का?

वेळापत्रकही पैशातच मोजा. २०२७ च्या सिंहस्थाची कामं शहरभर सुरू असताना मजूर, डंपर आणि रेडी-मिक्सची गाडी मिळणं आणि ती वेळेवर पोहोचणं, दोन्ही अवघड. जो आराखडा टप्प्याटप्प्याने बांधता येतो आणि पहिल्या टप्प्यातच सुविधा केंद्र सुरू करू देतो, त्याला आम्ही झुकतं माप देऊ.

गुण आणि निवड

प्रत्येक सदस्याने आधी एकट्याने, शाईने, गुण द्यावेत. चर्चा नंतर. एकाच निकषावर दहापैकी एकाने तीन आणि दुसऱ्याने आठ दिले असतील तर सरासरी काढू नका. त्या दोघांनी नकाशावर बोट ठेवून कारण सांगावं. बहुतेक वेळा एकाने काहीतरी पाहिलेलं असतं जे दुसऱ्याच्या नजरेतून सुटलंय.

बेरीज झाल्यावर गुणांची विभागणी थोडी हलवून बघा: सोय ३० ऐवजी २५, खर्च २० ऐवजी २५. तरीही तोच आराखडा पहिला राहिला तर निकाल भक्कम. क्रम उलटला किंवा पहिल्या दोघांत तीनच गुणांचं अंतर असलं, तर दोघं सारखेच आहेत असं मानून त्या दोघांनाच लेखी प्रश्नावली पाठवा आणि पंधरा दिवसांत सुधारित नकाशे मागवा.

चित्रं पाहायची ती आता. रूपाचे १५ गुण खरे आहेत. कंटाळवाण्या इमारतीची काळजी लोक घेत नाहीत, हे आम्हाला मनापासून वाटतं. पण चित्रासोबत तीच जागा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, दीड मीटरवरून, दुपारच्या उजेडात, बाहेरच्या एसी युनिटसह, पाण्याच्या टाकीसह आणि पाट्यांसह काढून मागा. ड्रोनच्या उंचीवरून नाशिककर ही इमारत कधी पाहणार नाहीत.

एक मोह टाळा: ‘अ चं सभागृह, ब ची दर्शनी बाजू आणि क चा चौक एकत्र करा.’ प्रत्येक आराखड्यात खांब, जिने आणि डक्ट एकमेकांना धरून असतात. तुकडे जोडले की काहीच बसत नाही, आणि निवडल्या न गेलेल्या वास्तुविशारदांची कल्पना विनामोबदला वापरली जाते. त्याऐवजी निवडलेल्या आराखड्याला दुरुस्त्यांची यादी लावा: कोणती भिंत, कोणता उतार, कोणतं टॉयलेट, किती मिलिमीटर. ही यादी कार्यादेशाआधी करारनाम्याला जोडली जावी. नंतर सांगितलेली प्रत्येक दुरुस्ती वाढीव काम ठरते.

निर्णयाआधी तिन्ही आराखड्यांचे १:२०० चे काळे-पांढरे नकाशे विभागीय कार्यालयात पंधरा दिवस लावा. शेजारी दोरा आणि टाचण्या ठेवा, आणि सूचना-वहीत ‘कोणता आवडला?’ असं न विचारता असं विचारा: तुम्ही इथे कशासाठी येता, कुठून आत शिराल, आणि कुठे अडलात?